'एक शून्य शून्य'च्या आधी

शिवाजी साटम म्हटले की 'सी.आय.डी.'मधला एसीपी प्रद्युम्न आठवतो. पण त्याआधी, १९८०च्या दशकात, बी. पी. सिंग यांनीच साटमांना घेऊन मुंबई दूरदर्शनसाठी 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका केली होती. ती मुंबई पोलिसांकडील खऱ्या गुन्ह्यांवर आधारलेली. माझ्या मते तीच सरस.

ही रीत रुजली ती रेडिओवर. १९४८ साली अमेरिकेत एका चित्रपटाच्या सेटवर नट जॅक वेब यांची लॉस एंजेलिस पोलिसांतील सार्जंट मार्टी विन यांच्याशी गाठ पडली. खऱ्या केसेस घेऊन कार्यक्रम करा, असे विन यांनी सुचवले. त्यातून ३ जून १९४९ रोजी एनबीसी रेडिओवर 'ड्रॅगनेट' सुरू झाले. गुन्हे खरे, नावे तेवढी बदललेली. वार, तारीख, हवामान, ड्यूटी कुठल्या विभागात, सारे सांगायचे. मग दारोदार विचारपूस, फोन, फायली आणि शेवटी कोर्टाचा निकाल. वेब यांचा सार्जंट फ्रायडे आवाजसुद्धा चढवत नसे.

आम्हा रेल्वेवाल्यांना हे ओळखीचे. गाडी घसरली की सुपरवायझर मंडळी आधी जागेवर मोजमापे घेऊन जॉइंट नोट लिहितात. (सह्या करताना प्रत्येकाला दोष दुसऱ्या खात्याचा दिसतो, ते सोडा!) एक आकडा चुकीचा पडला तर एखाद्या ट्रॅकमनच्या नोकरीवर येते.

'ड्रॅगनेट'चे जुने भाग आज इंटरनेटवर मिळतात. रात्रपाळीवाल्यांनी सुटीच्या दिवशी जरूर ऐकावेत.