चिंधी, रद्दी आणि शुभ्र कागद

पुनर्चक्रित कागद ही पर्यावरणाच्या चिंतेतून अलीकडे जन्मलेली कल्पना आहे, असा समज सर्वत्र आढळतो. जुन्यापासून केलेला तो दुय्यम आणि शुभ्र तो अस्सल, ही त्या समजाचीच दुसरी बाजू. कागदाचा इतिहास मात्र याच्या उलट साक्ष देतो. भारताच्या बऱ्याच भागांत, पश्चिम आशियात आणि युरोपात कित्येक शतके टाकाऊ वस्तूंपासूनच कागद होत असे. त्यासाठी झाड तोडणे हा गेल्या पावणेदोनशे वर्षांतला प्रघात आहे.

कागदाच्या जन्मकथेतच चिंधी आहे. इ. स. १०५ मध्ये चीनच्या दरबारातील त्साय लुन याने जो कागद सादर केला, त्यात झाडाच्या सालीबरोबर चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळीही होती, असे तिथली बखर सांगते. आपल्याकडे जुन्नर आणि दौलताबाद ही कागदाची नामांकित ठिकाणे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच त्या व्यवसायावरून पडले. जुने गोणपाट, दोरखंड, चिंध्या चुन्याच्या पाण्यात भिजवायच्या, कुटून लगदा करायचा, तो चाळणीवर धरून ताव काढायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, अशी ही मेहनत. मराठेशाहीचा मोडी पत्रव्यवहार मुख्यतः अशाच हातकागदावर झाला. आपण ज्याला इतिहासाची अस्सल साधने म्हणतो, ती पुष्कळदा कोणाच्या तरी फाटक्या कपड्यांवर लिहिलेली आहेत.

लिहिलेल्या कागदाचाच पुन्हा कागद करणे हीदेखील जुनीच गोष्ट. जपानचा सम्राट सेइवा नवव्या शतकात निवर्तला, तेव्हा त्याची एक राणी, फुजिवारा नो तामिको, हिने त्याची पत्रे गोळा केली, त्यांचा लगदा करून नवा कागद करविला आणि त्यावर सद्धर्मपुंडरीक सूत्राची प्रत लिहविली. जुनी शाई पूर्णपणे निघत नसे, म्हणून असा कागद करडा होई. त्याला तिथे ‘फिक्या शाईचा कागद’ असेच नाव पडले. पत्रांचे शब्द गेले, त्यांची छाया उरली.

युरोपात ही शाई काढण्याची निकड चिंध्यांच्या टंचाईमुळे निर्माण झाली. छापखाने वाढले, चिंध्या पुरेनात. १७७४ मध्ये जर्मनीत युस्टुस क्लाप्रोट याने छापील कागदापासून नवा कागद करण्याची रीत मांडली. १८०० मध्ये लंडनला माथियास कूप्स याने शाई काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्याचा कारखाना लवकरच बुडाला. पुढे १८४४च्या सुमारास फ्रीडरिश केलर याने लाकूड घासून लगदा करण्याचे तंत्र शोधले, आणि कागद स्वस्त झाला. वृत्तपत्रे, मासिके, कादंबऱ्या यांचा प्रसार या स्वस्ताईवाचून झाला नसता, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण लाकडातील लिग्निन आणि तुरटीची आम्लता यांनी तो कागद आतून पोखरला. ग्रंथालयात दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचे मोडी दफ्तर निर्धास्त उलगडते आणि शंभर वर्षांपूर्वीच्या मासिकाचे पान बोटांत चुरते, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे. चिंधीचा कागद लाकडाच्या कागदाहून दीर्घायुषी ठरला.

तेव्हा विकत घेताना काय पाहावे? ‘पुनर्चक्रित’ एवढा शब्द पुरेसा नाही. कारखान्यातच कापून उरलेल्या तुकड्यांचा कागदही त्या नावाने विकला जातो. वापरून झालेली रद्दी त्यात किती टक्के आहे, हे विचारावे. शुभ्रतेचा आग्रह सोडावा, कारण ती आणण्यासाठी रसायने आणि पाणी खर्ची पडते. टिपणे, कच्चे खर्डे, प्रश्नपत्रिका यांना करडा कागद उत्तम चालतो. जे लिखाण शंभर वर्षे टिकावे असे वाटते, त्याला आम्लरहित कागद किंवा सुती चिंध्यांचा हातकागद घ्यावा. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेने हीच परंपरा नव्याने उभी केली. आणि लाकडाचा तंतू प्रत्येक फेरीत आखूड होत जातो, पाच-सात फेऱ्यांनंतर निकामी होतो, म्हणून कमी कागद वापरणे हेच पहिले पथ्य.

या साखळीत रद्दी वेचणारे हात विसरता येत नाहीत. १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची संघटना झाली तेव्हा तिने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ हे नाव घेतले; त्यात कागद पहिला आहे.

मात्र आपल्यासारख्यांवर आणखी एक जबाबदारी येते. लगद्यात गेलेले अक्षर परत येत नाही. तामिकोच्या कागदावर निदान छाया उरली. आजची यंत्रे तीही ठेवत नाहीत. म्हणून करडा कागद जरूर घ्यावा, रद्दीही जरूर द्यावी. पण गठ्ठा बांधण्यापूर्वी त्यात एखादे जुने पत्र, एखादे हस्तलिखित, बंद पडलेल्या नियतकालिकाचा एखादा अंक नाही ना, एवढे अवश्य पाहावे.