आगोट आणि मोटारसायकल : पेण-रोह्यातील निगेचा इतिहास

(थ्रेड)

१/ पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. १९८०च्या दशकातील हीरो होंडा सीडी १०० या मोटारसायकलीची जाहिरात अशा आशयाची होती. भारतीय जाहिरातींच्या इतिहासात ती गाजली. पण पेण-रोह्याच्या पावसात रोज गाडी चालवणाऱ्या माणसाला 'विसरून जाणे' कधी परवडले का? आजचा थ्रेड याच प्रश्नाविषयी.

२/ दुचाकीचा इतिहास आपण बहुधा कारखान्यांच्या सनावळीतून वाचतो. १९५५ : मद्रासला एनफिल्ड इंडिया. १९६१ : म्हैसूरला जावा. १९८५ : धारूहेड्याची हीरो होंडा. या सनावळीत यंत्र जन्मते, विकले जाते आणि तिथेच गोष्ट संपते. पुढची वीस-पंचवीस वर्षे ते यंत्र कोणी, कसे चालते ठेवले, हे कोणी लिहीत नाही.

३/ इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात नेमका हाच आक्षेप घेतला आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांपुरता न राहता वापराचा आणि दुरुस्तीचाही असला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन. ही दृष्टी घेऊन आपण रायगड जिल्ह्यात येऊ.

४/ प्रथम भूगोल. पेण तालुक्याचा खाडीलगतचा पट्टा म्हणजे खारेपाट : बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे आणि त्यामागे भात पिकवायचे. जोडीला मिठागरे. रोहा कुंडलिकेच्या काठी. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ओलावा आणि मीठ एकत्र आले की लोखंड झपाट्याने गंजते.

५/ म्हणूनच या प्रदेशाचे जुने शहाणपण निगेचे आहे. मृग लागण्यापूर्वी कौले चाळायची, घर शाकारायचे, बांधांची डागडुजी करायची, होड्या ओढून वर घ्यायच्या, सरपण, मीठ-मसाला आणि सुकी मासळी भरून ठेवायची. या तयारीला कोकणात 'आगोट' म्हणतात. माझे म्हणणे इतकेच : मोटारसायकल आली तेव्हा ती या आगोटीच्या यादीत जाऊन बसली. यंत्र नवे होते, निगा जुनीच होती.

६/ आरंभीचा काळ परवानाराजचा. किती गाड्या बनवायच्या, हे सरकारी परवान्यावर ठरे. बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. दुसरी गाडी सहजी मिळणार नसेल, तर हातातली टिकवणे हाच शहाणपणा. दुरुस्ती ही तेव्हा हौस नव्हती, अर्थव्यवस्थेची अट होती.

७/ त्या काळातील जावा, राजदूत आणि स्कूटर ही टू-स्ट्रोक यंत्रे. त्यांच्या वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. तेल जास्त झाले की प्लगवर काजळी धरे. कमी झाले की पिस्टन जाम होण्याची भीती. ठिणगीसाठी 'पॉइंट' असत, म्हणजे धातूच्या दोन टोकांची उघडझाप. तिथे ओल शिरली की गाडी जागीच थांबे.

८/ म्हणून पावसाळ्यात गाडीच्या पेटीत तीन वस्तू हव्यात : जादा प्लग, पॉलिश पेपर आणि कोरडे फडके. आडोसा पाहून प्लग काढायचा, घासायचा, पुसायचा, पुन्हा बसवायचा. हे काम गॅरेजवाल्याचे नव्हे, चालवणाऱ्याचेच. अर्धा मेकॅनिक झाल्याशिवाय माणूस स्वार होऊ शकत नसे.

९/ १९८५ मध्ये सीडी १०० आली, तेव्हा बदल खरोखर मोठा होता. फोर-स्ट्रोक इंजिनात तेल स्वतंत्र राहते, त्यामुळे मिश्रणाची कटकट संपली. साखळी पूर्ण बंद कव्हरात होती. चिखल थेट तिच्यावर उडत नसे. एका लिटरमध्ये गाडी दूर जाई. जाहिरातीतला दावा अगदीच पोकळ नव्हता.

१०/ पेण-रोह्यात ही गाडी योग्य वेळी पोहोचली. १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत आली. नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प, रोह्याजवळची धाटाव औद्योगिक वसाहत : कामगारांच्या दिवसाची विभागणी आता पाळ्यांनी होऊ लागली. रात्रपाळी सुटल्यावर आडवाटेच्या गावात ना एसटी जाई, ना आगगाडी. ती पोकळी मोटारसायकलीने भरली. आज ज्या 'एमएच ०६' पाट्या आपण पाहतो, तो क्रमांक पेणच्याच परिवहन कार्यालयाचा.

११/ मग विसरणे जमले का? अंशतः. बंद कव्हरातली साखळी दिसत नाही, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची असली तरी झाकलेली साखळी तशी नसते. आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही, साखळी सैल झालेली कळत नाही. घासलेटने धुऊन, वाळवून तिला ९० नंबरचे गिअर ऑइल देणे चुकलेच नाही. क्लचच्या केबलमध्ये तेल सोडणेही नाही.

१२/ सर्वांत गंभीर गोष्ट ब्रेकची. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरते, लायनर भिजतात आणि पुढच्या वळणावर ब्रेक लागतच नाही. यावरचा उपाय जुने स्वार नवख्यांना तोंडी सांगत आले : पाण्यातून बाहेर पडताच हळू चालवत ब्रेक हलकेच दाबून धरायचा, घर्षणाच्या उष्णतेने लायनर सुकतात. नागोठण्याहून भिसे खिंडीतून रोह्याकडे उतरणाऱ्यासाठी हे ज्ञान जीव वाचवणारे होते.

१३/ धोका केवळ मुसळधार पावसात नसतो. वळिवाची पहिली सर अधिक फसवी : उन्हाळाभर रस्त्यावर साचलेली धूळ आणि सांडलेले तेल यांचा निसरडा थर तयार होतो. पुढच्या मोठ्या पावसांत तो वाहून जातो. श्रावणात ऊन-पावसाचा लपंडाव, भात कापणीच्या दिवसांत दुपारचा उकाडा आणि संध्याकाळी गडगडाट, थंडीत पहाटेचे दव. हवामानाच्या प्रत्येक वळणावर गाडी काही तरी मागते.

१४/ या मागण्यांचे वेळापत्रक पंचांगाशी जुळते. मृगापूर्वी केबल, प्लग, ब्रेक आणि टायर तपासायचे : ही आगोट. दसऱ्याला गाडी धुऊन, पुसून, झेंडूची माळ घालून पूजा करायची. पाऊस परतण्याच्या सुमारासच हा सण येतो. मडगार्डच्या आत थापलेला चिखल खरवडला, की त्याखालचा गंज त्याच दिवशी दिसतो. पूजेच्या निमित्ताने वर्षाची तपासणी होते.

१५/ या ज्ञानाला काळी बाजूही आहे. गंज टाळण्यासाठी पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जळके ऑइल फासण्याची रीत. पत्रा वाचतो, पण पावसाबरोबर ते ऑइल निथळून गटारात, ओढ्यात आणि शेवटी खाडीत जाते. एका गाडीचे थेंब नगण्य. हजारो गाड्यांचे नव्हेत. लोकज्ञानाचा गौरव करताना त्याचा हिशेबही मांडला पाहिजे.

१६/ मुंबई-गोवा महामार्गाचा उल्लेख अटळ आहे. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही. वाकलेली रिम, गळणारे शॉकअप आणि ढिले झालेले हँडलचे बेअरिंग ही त्या दिरंगाईची गॅरेजमधील नोंद. सरकारी कागदांत ती सापडणार नाही.

१७/ अलीकडचे बदल वेगवान आहेत. एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना एबीएस किंवा जोडब्रेक सक्तीचे झाले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आले आणि बहुतेक गाड्यांतून कार्बोरेटर गेला. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वाढले. इथेनॉल पाणी शोषते, म्हणून ओल्या हवेत दीर्घकाळ उभ्या गाडीच्या टाकीकडे पुन्हा लक्ष द्यावे लागते. 'विसरून जा' हे आजही खरे नाही.

१८/ मात्र एक गोष्ट खरोखर विसरली जात आहे. इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारी पिढी आता थकली आहे. तिचे ज्ञान कोणत्याही ग्रंथात नाही. तेलकट वह्या, जुनी आरसी बुके, सुट्या भागांची बिले ही या इतिहासाची साधने. आणि जो ओलावा गाडी गंजवतो, तोच या कागदांनाही दर पावसाळ्यात खातो.

१९/ म्हणून एक विनंती. घरात किंवा ओळखीच्या गॅरेजमध्ये असे कागद असतील, तर त्यांची छायाचित्रे काढून ठेवा. जुन्या मेकॅनिकांसमोर बसून त्यांची परवानगी घेऊन आठवणी ध्वनिमुद्रित करा. गडकिल्ल्यांच्या इतिहासाला जपणारे आपण अनेक आहोत. निगेच्या इतिहासालाही थोडी निगा हवी. यंदाच्या आगोटीत एवढे काम धरा.

(समाप्त)