अणुवीज सुरक्षेचा पहारा : प्रा. सुहास सुखात्मे

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा असो वा मुंबईचे उपनगर, घरातील दिवा लावताना ती वीज कोळशाची, पाण्याची की अणूची, असा प्रश्न कोणाला पडत नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्राच्या विजेत अणूचा वाटा आहे. ही वीज निर्धोक राहावी यासाठी जे नियम, संहिता व तपासण्या लागतात, त्यांच्यामागील माणसे मात्र सहसा प्रकाशात येत नाहीत. प्रा. सुहास पांडुरंग सुखात्मे हे त्यांपैकी एक अग्रगण्य नाव होय. २००० ते २००५ या काळात ते अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष होते.

ख्यातनाम संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचे ते पुत्र. बनारस हिंदू विद्यापीठातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १९६५ मध्ये ते मुंबईच्या आयआयटीत रुजू झाले आणि १९९५ ते २००० या काळात तेथे संचालक होते. उष्णता संक्रमण हा त्यांचा विषय. या विषयावरील व सौरऊर्जेवरील त्यांची पाठ्यपुस्तके अभियांत्रिकीच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासली. १९८३ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, तर २००१ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला.

उष्णतेचा अभ्यासक अणुसुरक्षेच्या सर्वोच्च पदावर येणे हे विसंगत नव्हते. अणुभट्टीतील विखंडनाची साखळी काही सेकंदांत थांबविता येते; उष्णता मात्र तशी थांबत नाही. भट्टी बंद होताच पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता इंधनात निर्माण होत असते आणि तासाभरानंतरही ती एक-दीड टक्का उरते. ही उष्णता वाहून नेण्याची सोय कोलमडली तर काय घडते, हे २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथे जगाने पाहिले. म्हणूनच अणुसुरक्षेचे निम्मे शास्त्र हे उष्णता वाहून नेण्याचे शास्त्र आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

नियामक मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली. जागेची निवड, आराखडा, संचालन व गुणवत्ता हमी या चार विषयांवर मंडळाच्या संहिता आहेत आणि त्यांच्या आधाराने तपशीलवार मार्गदर्शिका तयार होतात. प्रकल्पाची छाननी एकावर एक अशा समित्यांमार्फत होते व टप्प्याटप्प्याने परवानगी मिळते. किरणोत्सारी क्षेत्रातील कामगाराला सलग पाच वर्षांत १०० मिलीसिव्हर्ट, तसेच कोणत्याही एका वर्षात ३० मिलीसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळू नये, असे बंधन मंडळाने घातले आहे. एका वर्षाची आंतरराष्ट्रीय मर्यादा ५० मिलीसिव्हर्ट आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या बंधनाचा कठोरपणा कळतो.

सुखात्मे यांच्या कारकिर्दीत तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या, कुडनकुलमचा रशियन बनावटीचा प्रकल्प आणि कल्पाक्कमची शीघ्र प्रजनक भट्टी अशी एकमेकांहून सर्वस्वी भिन्न कामे मंडळापुढे होती. कारकिर्दीच्या अखेरीस, २६ डिसेंबर २००४ रोजी, त्सुनामीचे पाणी कल्पाक्कमच्या पंपघरात शिरले. त्या वेळी चालू असलेली दुसरी भट्टी सुरक्षितपणे बंद करण्यात आली. तपासणीनंतर जानेवारी २००५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. परिसरातील वसाहतीत मात्र जीवितहानी झाली. कागदावरील नियमांची ही प्रत्यक्षातील परीक्षाच होती.

या कारकिर्दीला एक अवघड बाजूही होती. २००० मध्येच भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुविधा मंडळाच्या अधिकारकक्षेतून काढून घेण्यात आल्या. त्यापूर्वी १९९५ मध्ये, डॉ. ए. गोपालकृष्णन अध्यक्ष असताना, मंडळाने अणुप्रतिष्ठानांतील सुरक्षेचे सुमारे १३० मुद्दे नोंदविले होते. ज्या अणुऊर्जा आयोगाला मंडळ उत्तरदायी, त्याचे अध्यक्षपद अणुऊर्जा विभागाच्या सचिवांकडेच, हा टीकाकारांचा मुख्य आक्षेप होता. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीही २०१२ च्या अहवालात मंडळाच्या दुय्यम कायदेशीर स्थानावर बोट ठेवले. मंडळाला वैधानिक दर्जा देणारा कायदा संसदेने संमत केला तो डिसेंबर २०२५ मध्ये.

पूल बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर येते. न घडलेल्या अपघाताची कोनशिला नसते. सुरक्षेचे मानदंड घडविणाऱ्या अभियंत्याच्या वाट्याला हेच अनामिकत्व येते. सुखात्मे यांच्यासारख्यांचा गौरव करायचा तर तो नियामकाचे स्वातंत्र्य जपूनच करावा लागेल.