आज बरं, की कालच्यापेक्षा वाईट?

आज आपण बोलणार आहोत फुफ्फुसांच्या जुनाट आजाराबद्दल, म्हणजे सीओपीडीबद्दल. या आजारात माणसाला थोडी धाप रोजच लागते. पण मधूनच त्रास एकदम उफाळतो. धाप वाढते, कफ वाढतो, त्याचा रंग पिवळा-हिरवा होतो आणि कधीकधी रात्रीच दवाखाना गाठावा लागतो. हे आधी ओळखता येईल का? या प्रश्नाचा इतिहास बराचसा लंडनमध्ये घडला, म्हणून आपण तिथूनच सुरुवात करू.

डिसेंबर १९५२. कोळशाच्या धुरात मिसळलेलं दाट धुकं लंडनवर ५ ते ९ तारखेपर्यंत बसून राहिलं. तेव्हाच्या हिशोबाने सुमारे ४,००० माणसं जास्तीची दगावली. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा १२,००० च्या आसपास नेला. त्यात छातीचे जुने रुग्ण पुष्कळ होते.

पुढे सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातल्या पॅट्रिक लॉथर यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी रुग्णांच्या हातात छोट्या डायऱ्या दिल्या. रोज एवढंच लिहायचं : आज बरं आहे, तसंच आहे, की वाईट आहे? या नोंदी त्यांनी हवेच्या मोजमापांशेजारी ठेवून पाहिल्या. १९७० साली निष्कर्ष छापून आला. हवेच्या एका घनमीटरमध्ये धूर सुमारे २५० आणि सल्फर डायऑक्साइड सुमारे ५०० मायक्रोग्रॅम झाला, की 'वाईट' लिहिणारे वाढत. म्हणजे बघा, हवा यंत्राने मोजली, पण कुठला आकडा धोक्याचा हे कळलं रुग्णांच्या डायऱ्यांवरून.

मग गाडी थोडी अडली. १९७६ साली फ्लेचर आणि पीटो यांचं पुस्तक आलं. पश्चिम लंडनमधल्या ७९२ पुरुषांचा आठ वर्षांचा अभ्यास त्यात होता. सिगारेटने फुफ्फुसं कशी झिजतात, हे त्यांनी फार चांगलं दाखवलं. पण छातीच्या संसर्गाने कायमचं नुकसान होत नाही, असंही त्यांचं मत पडलं. आता उफाळा येऊन जाणारच असेल, तर त्याचं भाकीत कशाला करायचं?

हे मत बदललं ते पूर्व लंडनमध्ये. जॅडविगा वेडझिहा आणि सहकाऱ्यांनी पुन्हा डायऱ्याच वापरल्या. त्रास सलग दोन दिवस वाढलेला दिसला, तरच तो उफाळा धरायचा, असा त्यांचा नियम होता. १९९८ साली लक्षात आलं की सुमारे निम्मे उफाळे रुग्णांनी डॉक्टरांना कळवलेच नव्हते! २००० साली १०१ रुग्णांचे ५०४ उफाळे तपासले गेले. उफाळ्याच्या आधीच्या दिवसांत सर्दी, घसादुखी, खोकला आणि धाप वाढलेली होती. फुंकून मोजायचे आकडे मात्र तोवर फारसे हललेले नव्हते. शिवाय दर चार उफाळ्यांपैकी जवळपास एकात पाच आठवड्यांनंतरही फुंक पूर्ववत झाली नव्हती. २००२ साली हेही दिसलं, की ज्यांना वारंवार उफाळे येतात त्यांची फुफ्फुसं जास्त वेगाने खालावतात.

२०१० मध्ये २,१३८ रुग्णांचा मोठा अभ्यास आला. पुढच्या वर्षी कोणाला उफाळा येईल, याची सगळ्यात चांगली खूण कोणती? तर आधीच्या वर्षी आलेला उफाळा. पण यातून 'कोणाला' एवढंच कळतं, 'कधी' ते नाही.

मग रुग्णांच्या घरी यंत्रं आली. स्कॉटलंडमध्ये २५६ रुग्णांवर प्रयोग झाला. निम्म्यांनी रोज पडद्यावर लक्षणं भरली, ऑक्सिजन मोजला. २०१३ साली निकाल लागला : रुग्णालयात भरती होण्याची वेळ काही लांबली नाही. दोन्ही गटांना एरवीचे उपचार सारखेच होते.

मग डायरीचा उपयोग काय? त्याचं उत्तर पूर्व लंडनच्याच २००४ च्या अभ्यासात आहे. लवकर उपचार घेणारे लवकर सावरले, आणि न कळवणाऱ्यांवर तातडीने भरती होण्याची वेळ जास्त आली. म्हणजे काय, तर नोंद नुसती वहीत राहून भागत नाही, ती वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोचायला हवी.

आपल्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांना "कसं वाटतंय?" विचारलं, की "चाललंय" असंच उत्तर मिळतं. तेव्हा आपण जरा लॉथरसारखं विचारू या : "कालच्यापेक्षा कसं?" आणि सलग दोन दिवस "वाईट" ऐकू आलं, तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना फोन लावू या.