बालकथेतील निवेदक आणि बालवाचकाची तन्मयता

मराठी बालवाङ्मयाचा इतिहास बहुधा लेखकांच्या आणि ग्रंथांच्या नामावळीने सांगितला जातो. निवेदकाच्या स्थानावरून तो पाहिला, तर मूल कथेत का रमते, ह्या प्रश्नाचा काही उलगडा होतो.

सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांचे ‘बाळमित्र’ १८२८ मध्ये निघाले. बेर्कें ह्या फ्रेंच लेखकाच्या ग्रंथाच्या इंग्रजी अवतारावरून ते सिद्ध झाले होते. ह्या ग्रंथात काय, किंवा छत्र्यांनीच मराठीत आणलेल्या इसापाच्या गोष्टींत काय, निवेदक हा शिक्षकच आहे. तो मुलासमोर, पण उच्चासनावर बसतो. कोल्ह्याच्या फजितीत रंगलेल्या मुलाला अखेरचे तात्पर्य हात धरून वर्गात परत आणते.

१९२१ मध्ये बडोद्याच्या साहित्यसंमेलनात न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक स्वतःचे भान न सोडता परक्याच्या भूमिकेत शिरतो, असा तिचा आशय. ही मीमांसा प्रौढ वाचकाला उद्देशून असली, तरी बालकथेलाही तिचा निकष लावून पाहावा. तात्पर्याच्या गोष्टीत विकल्प उरतो, समाधी भंगते.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहावयास घेतलेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ उपदेशाने ओथंबलेली आहे. तरीही मुले तीत बुडून जातात. ह्याचे कारण केवळ करुणरसात नाही, तर निवेदनाच्या घडणीत आहे. आश्रमातील मित्रांना श्याम ४२ रात्री आपल्या आठवणी सांगतो. तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला ओले वस्त्र धोंड्यावर पसरावयास लावणारा लहानगा श्याम आपण पाहतो, तेव्हा बोध आईने श्यामला केलेला असतो, वाचकाला नव्हे. वाचक श्रोत्यांच्या मागे बसून तो ऐकतो. त्याच्यावर कोणी बोट रोखलेले नसते, म्हणून तो आपण होऊन श्यामच्या जागी उभा राहतो. रात्र संपली की कथा थांबते, आणि भावनेला विसावा मिळतो.

पुढे भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेणेला जन्म दिला आणि निवेदकाला नायकासोबत धावावयास लावले. कथन तृतीयपुरुषी असूनही येथे निवेदक सवंगडीच वाटतो. त्याचा विनोद आणि फेणेचे ‘ट्टॉक्’ वाचकाला उसंत देत नाहीत. येथली समाधी कुतूहलाची आहे.

तेव्हा उपदेशाने बालकथा बिघडते, हे समीक्षकांचे आवडते विधान अर्धेच खरे आहे. प्रश्न उपदेश असावा की नसावा हा नसून, तो कोणी, कोणाला आणि कोठे उभे राहून करावा, हा आहे. ‘श्यामची आई’तील अश्रू आणि शिकवण तेवढी घेऊन तिची बैठक सोडणाऱ्या लेखकाच्या हाती अखेर तात्पर्यच उरेल. मुलाशेजारी बसण्याची जागा मात्र त्याला सापडणार नाही.