अंगणातल्या टाक्यात वॉटर लिली: डासांचा बंदोबस्त आधी
नर्सरीत ‘कमळ’ म्हणून मिळतं ते बऱ्याचदा वॉटर लिली, म्हणजे कुमुदिनी असते. पान पाण्यावर तरंगतं आणि त्याला देठापर्यंत चीर असेल तर ती लिलीच. कमळाचं पान अखंड गोल असतं.

पसरट टबात काळी चिकट माती भरावी. ताजं शेण घालू नये, पाणी नासतं. कोंब मातीबाहेर ठेवून वर वाळू पसरावी. टबावर आधी वीतभर पाणी, वाढ झाली की हातभर. रोज ५-६ तास ऊन नसेल तर फुलाची आशा सोडा.

खरी काळजी डासांची. साचलेल्या पाण्यात अळीचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. टाक्यात गप्पी मासे सोडावेत, ते अळ्या खातात. ओढ्या-तलावात मात्र ते सोडू नयेत, तिथल्या माशांना त्रास होतो. घरात लहान मूल असेल तर टाक्यावर जाळी हवीच. वीतभर पाण्यातही मूल बुडतं.