छंद, धंदा आणि पगार : फाळके यांच्या नाशिकच्या कारखान्याविषयी

मराठीत आवडीच्या कामाला ‘छंद’ म्हणतात आणि पोट भरणाऱ्या कामाला ‘धंदा’ किंवा ‘नोकरी’. संस्कृतात छंद म्हणजे इच्छा, रुची. तथापि मराठीने त्याच शब्दापासून ‘छंदीफंदी’ असे विशेषण घडविले, आणि ते भूषणास्पद नाही. उलट महिन्याच्या महिन्यास हाती येणारा ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला, आणि परका असूनही प्रतिष्ठा पावला. आवड आणि वेतन एकाच कामात भेटावीत ही अपेक्षा या भाषाव्यवहारात सहजी बसणारी नव्हती. ती बसविण्याचा एक मोठा प्रयत्न नाशिक येथे झाला.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, 1870 चा. मुंबईचे कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. पुराणवस्तू खात्यातील सरकारी नोकरी त्यांनी स्वदेशीच्या दिवसांत सोडली. पुढे मुद्रणाचा धंदा चांगला चालू असता भागीदारांशी न पटल्याने तोही सोडला. 1912 मध्ये विमापत्र गहाण टाकून ते लंडनला गेले व चलच्चित्राचे यंत्र घेऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला.

या चित्रपटाच्या वेळची एक हकिकत सांगितली जाते. नटांना सिनेमात काम करतो असे सांगण्याची चोरी होती. तेव्हा फाळके यांनी त्यांना ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ नोकरीस आहोत, असे सांगावयास शिकविले. हकिकत विनोदी खरी, परंतु तीत सामाजिक मर्म आहे. काम तेच, माणूस तोच. ‘फॅक्टरी’ हा शब्द जोडताच छंदीफंदीपणा नोकरी झाला. मराठेशाहीतील अठरा कारखान्यांची आठवण असलेल्या समाजाला कारखाना ही संस्था परकी नव्हतीच.

1913 मध्येच फाळके यांनी बिऱ्हाड नाशिकला हलविले. गोदावरीचे घाट, देवळे आणि भोवतालचे डोंगर पौराणिक कथांना आयतेच उपयोगी पडणारे होते. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमला (पुढील कमलाबाई गोखले) यांनी कामे केली. एकत्र राहणे, एका पंक्तीस जेवणे, तालमी करणे ही कारखान्याची राहणी नाटक मंडळीच्या बिऱ्हाडासारखी होती. यंत्र विलायतेचे, पगाराची पद्धत कचेरीची आणि संसार मात्र नाटक मंडळीचा, असा हा संकर होय. त्यातील सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा इतिहासलेखकांनी पुष्कळ काळ ओझरताच नोंदविला. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे आणि सर्व मंडळींचा स्वयंपाक हे त्यांनी केले. घरच्या माणसाच्या श्रमाला पगार हा शब्द लागत नाही.

1917 च्या ‘लंकादहन’ने भरपूर पैसा मिळविला. 1918 मध्ये भांडवलदार भागीदारांसह नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, आणि कर्जाची विवंचना टळली. आवड आणि अर्थ यांचा मेळ आता बसला असे कोणासही वाटले असते. वस्तुतः बिघाडाचा आरंभ येथेच झाला. भागीदारांना हिशेब हवा होता, फाळके यांना चित्र मनासारखे हवे होते. ‘कालिया मर्दन’नंतर लवकरच ते कंपनीतून बाहेर पडून काशीस गेले व तेथे त्यांनी ‘रंगभूमि’ हे नाटक लिहिले. कालांतराने ते नाशिकला कंपनीत परतले, परंतु पूर्वीची मोकळीक परतली नाही. दोष केवळ भागीदारांचा मानण्याची प्रथा आहे. ती फारशी न्याय्य नाही. ज्याने दोनदा चांगली कमाई सोडली होती, त्याला तिसऱ्यांदा सोडणे अवघड नव्हते.

फाळके यांचे निधन 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे झाले, आणि ते संपन्नावस्थेत झाले नाही. त्यांच्या कारखान्यातील एका माणसाचा वृत्तांत मात्र वेगळा आहे. अण्णा साळुंके मुंबईच्या एका उपाहारगृहात दहा रुपयांवर कामास होते; फाळके यांनी त्यांना पंधरा रुपये देऊ केले व तारामतीची भूमिका दिली. ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच झाले. पुढे हिंदुस्थान कंपनीच्या चित्रपटांवर त्यांचे नाव छायाचित्रकार म्हणून आढळते.